शरूच्या भारोभार गूळ

नवस फेडायला उशीर झाला की देवी मनात धरते, असं कडूबांचं म्हणणं, आणि उषाबाई तर गेले तीन महिने तो नवस पुढे ढकलत होत्या. आधी सोयाबीनची रास व्हायची होती, मग कापसाची वेचणी निघाली, मग नात शरूला सर्दी झाली. शेवटी कडूबांनी बायकोला न विचारता बाजारात जाऊन मूलचंदशेठकडे किलोकिलोच्या आठ भेल्या गूळ सांगून ठेवला, सुनेच्या भावाला घनसावंगीला फोन लावला आणि घरी येऊन जाहीर केलं, "मंगळवारी रेणुकाईला. आता कुणाचं काई ऐकायचं न्हाई."

नवस साधाच होता. मुलगा कल्याण आणि सून अर्पिता यांच्या लग्नाला सात वर्षं होऊनही पाळणा हलत नव्हता, तेव्हा कडूबांनी देवीला सांगितलं होतं, घरात लेकरू खेळू दे, त्याच्या भारोभार गूळ वाटीन. लेकरू खेळायला लागून आता चौदा महिने झाले होते. आणि आठच भेल्या का, तर शरूचं वजन आठ किलो आहे म्हणून. हे कुणी सांगितलं? उषाबाईंनीच. वजनाच्या बाबतीत टेंभुर्णीत त्यांच्या शब्दावर दुसरा शब्द नव्हता. सव्वीस वर्षं त्या अंगणवाडीच्या सेविका होत्या. गावातल्या मिसरूड फुटलेल्या कुठल्याही पोराला विचारा, उषाबाईंनी त्याला झोळीत घालून काट्याला टांगलेलं असणारच. मोठमोठे गडीसुद्धा त्यांना 'बाई' म्हणायचे आणि रस्त्यात दिसल्या की तोंडातली तंबाखू थुंकून टाकायचे.

आता खरं ते सांगायला हवं. शरूचं वजन आठ किलो नव्हतं. भादव्यात तिला जुलाब लागले, आठ दिवसांत पोर सुकली आणि नंतर काही केल्या अंग धरेना. त्या महिन्याच्या वजनाला उषाबाईंनी तिला सगळ्यांत शेवटी घेतलं, मदतनीस साळूबाई खिचडीची भांडी घासायला गेल्यावर. काटा साडेसहाच्या जवळ थांबला. मोबाईलमध्ये तो आकडा भरला असता तर शरूचं नाव लाल, म्हणजे कुपोषित, झालं असतं, आणि लाल नाव जाफराबादला पर्यवेक्षिका मॅडमच्या मोबाईलवर दिसतं. त्याच्या महिनाभर आधी, पंधरा ऑगस्टला, उषाबाईंना शाल मिळाली होती. त्यांच्या अंगणवाडीत एकही लेकरू लाल नाही म्हणून! त्यांनी सात किलो आठशे भरले. पुढच्या महिन्यात भरून निघेल, असं स्वतःला सांगितलं. पुढच्या महिन्यात काटा तिथंच होता, तेव्हा त्यांनी सात नऊशे भरले. त्याच्या पुढच्या महिन्यात आठ.

दुसऱ्याच्या घरात हे झालं असतं तर उषाबाईंनी त्या बाईची खरडपट्टी काढली असती. पण आपल्या घरात त्या गप्प बसल्या. अंडं झालं, तूप झालं, खारकेची पूड झाली, आणि पोर दोन घास खाऊन तोंड फिरवायची. अर्पिताने दोनदा विचारलं होतं, "आई, हिचे दंड बारीक वाटतात मला." त्यावर त्या म्हणाल्या होत्या, "रोजच्या डोळ्याला तसंच दिसतं. वजन बराबर हाय." त्या एका वाक्याने त्यांची झोप गेली होती, आणि ते मागे घेण्याचं धाडस तीन महिन्यांत झालं नव्हतं.

मंगळवारी सकाळी शिवेवरच्या देवळापुढे पन्नासेक माणूस जमलं. मूलचंदशेठ स्वतः आले होते. त्यांच्या आजोबांनी मारवाडातून आणलेला पितळी पारड्यांचा तराजू ते फक्त अशाच कामाला बाहेर काढायचे. गड्याने तो लिंबाच्या फांदीला बांधला, शेठनी दोन्ही पारडी फडक्याने पुसली आणि काटा मधोमध येतो की नाही ते डोळा बारीक करून पाहिलं. मामाचा मान म्हणून अंगदने शरूला उचलून पारड्यात बसवलं. अंगावर हिरवं परकर-पोलकं, कपाळाला मळवट, आणि चेहरा असा शांत की बघणाऱ्या बायका म्हणाल्या, किती गुणाची पोर, रडतसुद्धा नाही. उषाबाईंना माहीत होतं, अशक्त लेकरू रडत नाही.

कडूबांनी धोतराचा सोगा खोचला आणि पहिली भेली दुसऱ्या पारड्यात ठेवली. "रेणुकाईच्या नावानं!"

दुसरी ठेवली, तिसरी ठेवली. लोक मोजू लागले. सहावी ठेवल्यावर शरूचं पारडं जमिनीपासून हललं. कडूबांनी हसत सातवी ठेवली, आणि पारडं सरळ वर गेलं. शरू खांद्याच्या उंचीला गेली आणि दोरीला धरून आजोबांकडे बघत बसली. दोन्ही पारडी हेलकावत राहिली, पण गुळाचं काही वर येईना.

"अण्णा, थांबा जरा," अंगद म्हणाला. "सातव्यालाच गेलं वर. तुमी तर आठ म्हणले व्हते."

"असं कसं?" कडूबा आठवी भेली हातात घेऊन उभे होते. "मूलचंद, तुझा काटा बघ. कायतरी घोळ हाय."

मूलचंदशेठच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तीन पिढ्यांत त्यांच्या तराजूवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. त्यांनी सातवी भेली काढली, सुरीने बरोबर मधोमध कापली, अर्धी ठेवली. काटा मध्ये येऊन उभा राहिला. साडेसहा. शेठनी एकदा त्या काट्याकडे पाहिलं, एकदा शरूच्या मनगटाकडे आणि मग उषाबाईंच्या चेहऱ्याकडे. चाळीस वर्षं माणसं बघून माल दिलेला माणूस तो. त्याला जे कळायचं ते कळलं.

"असंल बाबा," ते सावकाश म्हणाले. "जुना तराजू हाय, वहिनी. पावसाळ्यात पितळ खराब झालं असंल. माझीच गलती. मी दुकानातला दुसरा मागवतो, नाहीतर असं करू, आठच्या आठ भेल्या वाटून टाकू. देवीला काय कमी-जास्त?"

लोकांना ते पटलं. कडूबांना तर फारच पटलं. "बराबर हाय! तराजूच जुना!" ते म्हणाले आणि आठवी भेली ताटात ठेवायला वाकले. उषाबाईंनी फक्त गप्प राहायचं होतं. गूळ वाटला गेला असता, लोक जेवून घरी गेले असते, आणि गावात एवढंच बोललं गेलं असतं की मूलचंदशेठचा काटा खोटा निघाला. आणि ज्या माणसाने कधी छटाकभर साखर कमी दिली नाही, तो त्यांच्यासाठी हे बोलणं खुशाल अंगावर घ्यायला तयार झाला होता. ते बघून उषाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि नेमकं त्याच वेळी त्यांच्या मनातलं भयही संपलं.

त्या पुढे झाल्या, शरूला पारड्यातून उचलून कडेवर घेतलं आणि वळून उभ्या राहिल्या. अंगणवाडीत पालकांची सभा घेताना असायचा तसा त्यांचा आवाज सगळीकडे पोचला.

"शेठ, तुमचा काटा बराबर हाय. खोटं हाय ते माझं लिहिणं. पोरीचं वजन साडेसहा किलोच हाय. आज न्हाई, तीन महिन्यांपासून हाय. मी आठ लिहीत आले."

मग अर्पिता पुढे आली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मी तुमाला विचारलं व्हतं, आई," ती म्हणाली. "दोनदा विचारलं व्हतं."

"विचारलं व्हतंस."

"तुमी म्हणले बराबर हाय."

"म्हणले. खोटं बोलले तुझ्यासंगं."

"काऊन?"

"लाज वाटली," उषाबाई म्हणाल्या. "गावाच्या लेकरांची वजनं करणारीच्या घरात लाल लेकरू. ती शाल घेतली व्हती ना अंगावर, ती सुटंना."

अर्पिताने शरूला त्यांच्या कडेवरून काढून घेतलं. अंगदचा संताप तोवर अनावर झाला होता. "माझ्या भाचीचे हे हाल केले तुमी? चल अर्पिता, गाडीत बस. जालन्याला चांगल्या खाजगी डॉक्टरला दाखवू, मंग घनसावंगीला. या घरात पोर ठेवायची न्हाई."

एरवी मेहुण्याच्या वाऱ्याला उभा न राहणारा कल्याण त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. "दादा बराबर बोलून राह्यला. आई, तू घरात काय कमी व्हतं म्हणून लपवलंस? मी खर्चा केला नसता का?"

"खर्च्याची गोष्ट न्हाई, कल्याण. हिला जालन्याच्या सरकारी दवाखान्यातल्या पोषण केंद्रात ठेवायचं, चौदा दिवस. आईनं संगं राहायचं. दर दोन तासाला मोजून दूध, रोज वजन, रोज तपासणी. मी सांगते तसं करा."

"तुमी सांगता तसं!" अंगद हसला. "मावशी, तुमच्या सांगण्याचं काय झालं ते बघितलं ना आत्ता."

उषाबाई पुन्हा समजावू पाहत होत्या. पण कडूबा मध्ये पडले. "कुठंबी न्यायचं न्हाई! ना जालना, ना घनसावंगी. सरकारी दवाखान्यात कुपोषित म्हणून नाव लागलं की लोक काय म्हणतील, कडूबाच्या घरात खायला न्हाई? वीस एकराचा धनी मी! म्हैस बांधतो दारात. पोर आपली हाय, आपण घरात तिला उभी करू. सरकारचा काय संबंध?"

तेव्हा गर्दीतून साळूबाई पुढे आली. ती बोलेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. अंगणवाडीत खिचडी शिजवणारी, सतरंजी झटकणारी बाई. तिने आपल्या चार वर्षांच्या धम्मपालला बखोटीला धरून पुढे ओढलं. तोंडात भेली कापताना उडालेला गुळाचा खडा, नाक वाहतंय, पोटऱ्या गोटीबंद.

"अण्णा, याला बघा," ती म्हणाली. "दोन सालाआधी हा शरूहून वाईट व्हता. माझे सासरे दारात आडवे पडले. म्हणले, आमचं पोरगं, आमी बघू, सरकारचा काय संबंध. हेच बोलले, तुमचाच शब्द. तवा बाईनं त्यांना काय सांगितलं म्हाईत हाय? बाई म्हणाल्या, 'पोरगं तुमचं हाय, पर मरायला एकट्या तुमचं न्हाई.' आन हाताला धरून मला जीपमध्ये बशिवलं." मग ती उषाबाईंकडे वळली, आणि तिचा आवाज फुटला. "बाई, माझ्या पोराला नेलं, मंग स्वतःच्या नातीला काऊन नेलं न्हाई वं? मला सांगितलं असतं तर मी नेली असती."

उषाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पदराने पुसलं आणि नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"अवं, तुमचं नाव कडू काऊन ठेवलं?"

कडूबा गोंधळले. "हे काय मधीच?"

"सांगा ना. समद्यांना सांगा."

"माझ्या आधीची दोन गेली म्हणून," कडूबा म्हणाले. "आईनं ठेवलं. कडू म्हणलं की मरण तोंड लावत न्हाई, असं."

"ती दोन बी अशीच गेली. जुलाब लागले, सुकली, गेली. बांधावरच्या बाभळीखाली हायत अजून. सासूबाई मरेपर्यंत तिथनं जाताना थांबायच्या. त्यांच्याकडं काटा नव्हता, दवाखाना नव्हता. नाव व्हतं आन नवस व्हता. तेवढं त्यांनी केलं, आन तुमी जगले. माझ्याकडं काटा व्हता. सरकारनं सव्वीस वर्ष हातात दिला माझ्या. आन मी काय केलं, तर घराचं नाव राखलं." त्या थांबल्या. "तुमचा नवस मी मोडत न्हाई. पर पोर आज जालन्याला जाणार."

कडूबांच्या हातात आठवी भेली तशीच होती. ती त्यांनी कुठे ठेवावी ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी ती मूलचंदशेठच्या हातात दिली आणि देवळाच्या पायरीवर जाऊन बसले. ते नाही म्हणाले नाहीत, हे घरच्यांना पुरेसं होतं.

उषाबाईंनी तिथंच मोबाईल काढला, जाफराबादला मॅडमना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज मोठा केला.

"मॅडम, एक लेकरू भरती करायचं हाय. चौदा महिने, मुलगी, साडेसहा किलो. आजच नेऊन राह्यले."

"साडेसहा? अहो, पण तुमच्याकडे तर एकही लाल नाही," मॅडम म्हणाल्या. "मागच्याच महिन्यात पाहिलं मी. कुणाची मुलगी?"

"माझी नात. तीन महिने मी खोटं वजन भरलं."

"बाई, तुम्ही काय बोलताय कळतंय ना? याची नोटीस निघेल. चौकशी लागेल."

"निघू द्या. नोटीस मी घरी येऊन घेईन. आदी जालन्याला फोन करून खाटेचं बघा."

"करते," मॅडम म्हणाल्या. मग जरा हळू आवाजात, "निघा तुम्ही."

फोन ठेवल्यावर सगळे अर्पिताकडे पाहू लागले. अंगद एका बाजूला, कल्याण त्याच्याजवळ, समोर उषाबाई. आणि ती मधोमध, शरूला छातीशी धरून. तिने भावाकडे पाहिलं. "दादा, गाडी काढ. जालन्याला जायचं, सरकारी दवाखान्यात."

"अर्पिता, खाजगीत—"

"धम्मपाल समोर उभा हाय माझ्या. खाजगीतला कोण उभा हाय?" मग ती सासूकडे वळली. "तुमी चला संगं. पर आजी म्हणून येऊ नका. आजी माझ्यासंगं खोटं बोलली. साळूबाईच्या पोराला जसं नेलं ना जीप करून, भांडून, तसं बाई म्हणून या."

"येते," उषाबाई म्हणाल्या.

त्या घरी गेल्या, लग्नकार्याचं जरीचं लुगडं सोडून अंगणवाडीची साडी नेसल्या, गळ्यात ओळखपत्र घातलं आणि दंड मोजायची पट्टी पिशवीत टाकली. परत येईपर्यंत साडेसहा भेल्या फोडून वाटून झाल्या होत्या. मूलचंदशेठ उरलेली दीड भेली कागदात गुंडाळत होते.

"वहिनी, याचं काय करू?"

"दुकानात ठेवा. शरू आल्यावर परत तोलायची."

"आन तवर नवस अर्धा?" पायरीवरून कडूबांनी विचारलं.

"अर्धा काऊन? चालू हाय की," उषाबाई म्हणाल्या. आणि कडूबा उठले, अंगदच्या गाडीजवळ आले आणि खिडकीतून हात घालून त्यांनी शरूच्या डोक्यावरून फिरवला.

वाटेत अंगद रागातच गाडी हाकत होता, पण खड्डे मात्र जपून घेत होता. मागे अर्पिता आणि उषाबाई शेजारी बसल्या होत्या. अर्पिता बोलली ती कामापुरती. "बाई, पाणी पाजलं तर चालंल का?" "बाई, कार्ड तुमच्याकडंच हाय ना?" चांगल्या तासाभराच्या प्रवासात तिने एकदाही आई म्हटलं नाही, आणि उषाबाईंनी प्रत्येक वेळी सेविकेसारखंच नीट उत्तर दिलं. चमचा-चमचा पाणी पाजायचं, हे त्यांनी तिला असं समजावलं जणू ही कुणी पहिलटकरीण आपल्या अंगणवाडीत पहिल्यांदाच आली आहे.

केंद्रातल्या नर्सने कागद पुढे ओढला. "पाठवणाऱ्या सेविकेचं नाव?"

उषाबाईंनी सांगितलं.

"आईसोबत घरचं कोण राहणार? नातेवाईकाचं नाव?"

उषाबाई अर्पिताकडे न बघता उभ्या राहिल्या. हा प्रश्न त्यांना नव्हता.

"लिहा, तेच नाव," अर्पिता म्हणाली. "आजी हायत तिच्या."

नर्सने एकदा दोघींकडे पाहिलं आणि लिहिलं. मग शरूचं परकर-पोलकं काढून तिला वजनाच्या मशीनवर ठेवलं. मळवट भरलेली ती इवलीशी पोर उघड्या अंगाने मशीनवर बसली आणि गारठ्याने म्हणा की कशाने, एकदम भोकाड पसरून रडायला लागली. सकाळपासून पहिल्यांदाच. उषाबाईंना तो आवाज फार बरा वाटला. आकडे जरा नाचले आणि थांबले.

उषाबाईंनी चष्मा नीट केला आणि मोठ्याने वाचलं, "सहा किलो चारशे ऐंशी."

नर्सचे हात दुधाची वाटी भरण्यात गुंतले होते. तिने कार्ड आणि पेन टेबलावरून सरकवलं. पेन अर्पिताने उचललं, क्षणभर हातात धरलं, आणि मग सासूपुढे केलं.

"लिहा, आई," ती म्हणाली. "मी बघून राह्यले."

सुनेच्या डोळ्यांदेखत उषाबाईंनी एकेक आकडा ठळक काढला.